मोटारीतील ध्वनियंत्र व त्याची सुधारणा

नाताळची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यात इयत्ता दहावीतील एक विद्यार्थी आम्हांस प्रयोगशाळेत भेटावयास आला. त्याच्या हाती एका दुकानदाराने लिहून दिलेला कागद होता. ह्या मुलाचे वडील पाथर्डी व नगर ह्यांच्या दरम्यान काळी-पिवळी जीप चालवितात. जीप जुनी विकत घेतलेली. तीत कारखान्यातून आलेला डेक व पुढील दोन दारांत एकेक स्पीकर, एवढीच ध्वनियंत्राची सामग्री. गाण्याचे बोल कळत नाहीत, नुसता गलका ऐकू येतो, अशी वडिलांची तक्रार होती. यास्तव हजार वॅटचा संच अठरा हजार रुपयांस बसवून देण्याचे दुकानदाराने कबूल केले होते. मुलाचा प्रश्न एवढाच होता की, हजार वॅट पुरतील काय?

ह्याचे उत्तर एका शब्दात देता आले असते. परंतु शिक्षकास उलट प्रश्न करण्याची खोड असते, त्याप्रमाणे आम्ही विचारिले, "आज जीपमध्ये नेमके काय ऐकू येत नाही, ते तू तपासून पाहिलेस काय?" मुलगा गप्प राहिला. तेव्हा शनिवारी वडिलांसह जीप शाळेच्या आवारात आणावी असे ठरले. एका शनिवारचे दोन शनिवार झाले, आणि पाहता पाहता अर्धा वर्ग जीपभोवती जमला. त्या दोन दिवसांत जे शिकणे झाले ते येथे लिहिले आहे. ते विद्यार्थ्यांकरिता आहे, तसेच पालकांकरिताही आहे. कारण हौस मुलांची असली तरी पैसा त्यांचा असतो.

आरंभी स्पीकर म्हणजे काय, ते पाहू. आम्ही एक फुटका स्पीकर मुलांदेखत उलगडला. कागदाचा एक शंकू, त्याच्या मुळाशी बारीक तारेचे वेटोळे व त्या वेटोळ्याभोवती लोहचुंबक, ह्यांखेरीज त्यात फारसे काही निघाले नाही. वेटोळ्यातून वीज एका दिशेने गेली की शंकू पुढे सरतो, उलट दिशेने गेली की मागे सरतो. तो हवेस ढकलतो व ओढतो, आणि ती थरथर आपल्या कानी येऊन पोहोचते. अमेरिकेतील राइस व केलॉग ह्या दोघा संशोधकांनी १९२५ साली हा नमुना प्रसिद्ध केला. आज शंभर वर्षे लोटली तरी मूळ रचना तीच आहे. मोटारीत रेडिओ नेण्याची कल्पनाही जवळजवळ तितकीच जुनी. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीचा रेडिओ विक्रीस काढला व त्यास मोटोरोला हे नाव दिले. पुढे त्यांच्या कंपनीचे नावच ते पडले.

कारखान्यातून येणारा स्पीकर वाईट असतो असे नाही. तो काटकसरीचा असतो. हजारो गाड्यांवर प्रत्येकी थोडे रुपये वाचवावयाचे, म्हणून चुंबक लहान, शंकू पातळ, व उंच स्वर काढणारा निराळा ट्वीटर बहुधा नसतोच. म्हणून सुधारणा करावीशी वाटणे हे स्वाभाविक आहे, आणि त्यात दोष काहीच नाही. चूक होते ती आरंभ कोठून करावा ह्या बाबतीत.

पहिल्या शनिवारी आम्ही एक पैसाही खर्च केला नाही. रे. ना. वा. टिळक ह्यांची भजने आमच्या शाळेच्या गायकवृंदाने गाइली होती, त्यांचे मुद्रण आम्ही लावले. परीक्षेस ते फार सोयीचे. कारण त्यात ढोलकीची घुमारी आहे, पेटीचा मधला भरणा आहे, टाळांचा झणत्कार आहे, आणि आवाज कोणाचे ते आम्हांस ठाऊक आहे. ऐकताना ढोलकी मुळीच लागेना. दुकानदाराच्या मते हा वॅट अपुरे असल्याचा पुरावा होता. आम्ही एक साधा पेन्सिल सेल मागविला व स्पीकरच्या दोन्ही तारांस क्षणभर टेकविला. उजव्या दाराचा शंकू किंचित बाहेर आला. डाव्या दाराच्या तारांस सेल त्याच रीतीने लावला, तो शंकू आत गेला! पूर्वीच्या कोणा वायरमनाने एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या होत्या. एक हवा पुढे ढकलीत असता दुसरा ती मागे ओढी, आणि खर्जाचे स्वर, ज्यांच्या लहरी लांब असतात, ते एकमेकांस खाऊन टाकीत. आम्ही दोन तारांची अदलाबदल केली. ढोलकी परत आली. वर्गाने टाळ्या वाजविल्या, त्या आम्हांस नको होत्या असे म्हटल्यास ते खरे होणार नाही.

ह्यानंतर पुठ्ठ्याचा प्रयोग झाला. तो कोणत्याही शाळेस करता येण्याजोगा आहे. उघडा स्पीकर हातात धरून वाजविला तर आवाज किरटा व पोकळ येतो. शंकू पुढे हवा दाबतो तेव्हा मागे हवा विरळ होते. पुढची व मागची हवा कडेने वळून एकमेकींस भेटतात आणि खर्ज नाहीसा होतो. आता एका मोठ्या पुठ्ठ्यास स्पीकरच्या मापाचे भोक पाडून त्यात तोच स्पीकर घट्ट बसवावा. विजेत काडीचाही बदल न करता आवाज एकदम भरदार होतो. मोटारीचे दार हाच तो पुठ्ठा होय. परंतु दाराच्या आतील पत्र्यास काच, कडी व तारा ह्यांकरिता मोठमोठी भोके ठेविलेली असतात. म्हणजे आमचा पुठ्ठा फाटका असतो. ही भोके ब्यूटाइल रबराच्या चिकट पत्रीने बुजवावी, बाहेरील पत्र्यास आतून तीच पत्री चिकटवावी, म्हणजे पत्र्याचा खडखडाट थांबतो व रस्त्याचा गोंगाटही काहीसा कमी होतो. मात्र दाराच्या अगदी तळाशी लहान छिद्रे असतात, ती बुजवू नयेत. काचेवरून आत उतरलेले पावसाचे पाणी तेथून बाहेर जाते; ती बुजविणाऱ्याचे दार दोन पावसाळ्यांत आतून गंजू लागते.

मग वॅटांचा हिशेब फळ्यावर मांडला. डेकच्या खोक्यावर "५० वॅट, चार वाहिन्या" असे छापलेले होते; म्हणजे दोनशे वॅट. इंजिन चालू असता मोटारीच्या विजेचा दाब फार तर १४.४ व्होल्ट असतो. त्यातून स्पीकरला जास्तीत जास्त १४ व्होल्टचे शिखर मिळते, आणि लहरीचा परिणामी दाब त्याच्या ०.७ पट, म्हणजे सुमारे १० व्होल्ट. मोटारीचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा. दाबाच्या वर्गास रोधाने भागिले की शक्ती मिळते, हे नववी-दहावीच्या मुलांस सांगावयास नको: १०० भागिले ४, म्हणजे २५ वॅट. यंत्रातील घट वजा जाता शुद्ध आवाजाचे १८ ते २० वॅट हाती लागतात. छापलेल्या पन्नासाचा अर्थ हा आहे.

आता दुकानदाराचा हजार वॅटचा ॲम्प्लिफायर घेऊ. मुलाने त्याचे छायाचित्र आणिले होते. त्याच्या बाजूस २५ अँपियरचा एकच फ्यूज स्पष्ट दिसत होता. २५ अँपियर गुणिले १४ व्होल्ट, म्हणजे ३५० वॅट. ज्याच्या पोटात साडेतीनशे जातात, त्याच्या तोंडातून हजार कसे निघावेत? पालकांनी खोक्यावरील आकडा वाचण्यापेक्षा फ्यूजवरील आकडा वाचावा, तो सहसा खोटे बोलत नाही.

बरे, हजार वॅट खरे मानले तरी काय होईल? आपला कान शक्ती बेरजेने मोजीत नाही, पटीने मोजतो. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, व तो "जरासा वाढला" इतकेच वाटते. आवाज दुप्पट मोठा वाटावयास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. वीस वॅटांवरून हजारावर जाणे म्हणजे पन्नासपट. त्याने आवाज साधारण तिप्पट मोठा वाटेल. उलटपक्षी स्पीकरची संवेदनक्षमता पाहावी. एक वॅट देऊन एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर व ९० देणारा स्पीकर ह्यांच्या किमतीत पुष्कळदा फारसा फरक नसतो, पण दुसरा घेतल्याने ॲम्प्लिफायरची शक्ती फुकटात दुप्पट केल्यासारखे होते. लहान यंत्रावर आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरविणे हा तिसरा मार्ग लोक काढितात. त्यात लहरींची डोकी छाटली जातात, आवाज करकरू लागतो, आणि ट्वीटरचे नाजूक वेटोळे जळते.

हा हिशेब चालू असता एक मुलगा जीपच्या पायपोसाखाली हात घालून तारा चाचपीत होता. त्याने एक जाडसर तांबडी तार वर ओढली. पूर्वीच्या मालकाने कधी काळी ॲम्प्लिफायर बसविला असावा. यंत्र काढून नेले, पण बॅटरीपासून मागील आसनापर्यंत आलेली तार तशीच राहिली होती. तिचे दुसरे टोक चिकटपट्टीने गुंडाळलेले, वाटेत कोठेही फ्यूज नाही, आणि जेथे ती पत्र्याच्या कडेवरून वळली होती तेथे वेष्टन काळे पडून कोळशासारखे ठिसूळ झाले होते. ते आणखी थोडे झिजते, तर तांबे पत्र्यास भिडून बॅटरीची सगळी वीज त्या तारेतून वाहिली असती. त्याच आसनावर रोज दहा-बारा माणसे बसून करंजीचा घाट चढत होती. मुलाचे वडील बराच वेळ ती तार हातात घेऊन उभे राहिले. आम्हीही काही बोललो नाही.

म्हणून हा भाग पालकांनी दोनदा वाचावा. फ्यूज हा यंत्राच्या रक्षणाकरिता नसून तारेच्या रक्षणाकरिता आहे; तेव्हा तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असला पाहिजे. यंत्राच्या बाजूस फ्यूज आहे म्हणून बॅटरीजवळ नको, असे सांगणारा कारागीर बदलावा. तारेची जाडीही हिशेबाने घ्यावी. अडीच चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या तारेतून ३० अँपियर नेले तर तारेतच सुमारे ३२ वॅट उष्णता निघते. सोळा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर पाचच. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा ज्यूलचा नियम परीक्षेपुरता पाठ करण्याचा नव्हे. पत्र्यातून तार जाते तेथे रबराची कडी घालावी. आणि कारखान्याच्या मूळ तारा कापू नयेत; त्या त्या गाडीच्या मापाचे कपलर बाजारात मिळतात, त्यांनी जोड करावी, म्हणजे उद्या पूर्ववत करावयाचे झाल्यास ते करता येते.

दुसऱ्या शनिवारी मुलाने दोन नवे स्पीकर आणिले. साडेसहा इंची, मध्यभागी लहान ट्वीटर असलेले, जोडीची किंमत अडीच हजार. दारांची भोके बुजविली, तारा सुलट जोडल्या, जुनाच डेक ठेविला. भजन लावले. ढोलकी घुमली, टाळ वेगळे वाजू लागले, आणि आम्हांस तर दुसऱ्या ओळीत एक मुलगी किंचित आधी सूर सोडते तेही कळले. आम्ही मोठ्या समाधानाने वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "सर, ढोलकी झकास लागती. पण बोल अजून नाही कळत."

आम्ही चकित झालो. डेकमध्ये काही बिघाड असेल असे वाटून भ्रमणध्वनीवरील साधनाने निरनिराळ्या उंचीचे शुद्ध स्वर काढून जीपच्या स्पीकरांतून वाजविले, आणि ऐकू येईल त्याने हात वर करावा असे सर्वांस सांगितले. दर सेकंदास ५०० कंपने: सगळे हात वर. १,०००: सगळे. २,०००: सगळे. ४,०००: वर्गाचे सगळे हात वर, व मुलाचे वडील आजूबाजूस पाहत आहेत. स्वर वाजत आहे हे त्यांस ठाऊकच नव्हते. आम्ही आवाज वाढविला, तेव्हा कोठे त्यांनी हळूच हात उचलला. (१५,००० वर मुलांचे हात वर होते व आमचा खाली, पण तो चाळिशीचा सामान्य प्रसाद आहे, त्याने बोलणे समजण्यास अडथळा येत नाही.)

ढोलकीचा नाद थोड्या कंपनांचा असतो. स्वरांचे, म्हणजे आ, ई, ऊ ह्यांचे बळ मधल्या पट्टीत असते. परंतु शब्दास शब्दपण देणारी जी व्यंजने, स, श, फ, थ, त्यांचा मोठा भाग दोन हजार कंपनांच्या वर आहे. तो पट्टा गेला की आवाज ऐकू येतो, बोल मात्र कळत नाहीत. नंतर मुलगा म्हणाला, अलीकडे मागून त्याने "साठ" म्हटले की अण्णा आठ रुपये घेतात, आणि उतारू हसतात. घरी सर्वांस वाटे की अण्णा विसराळू झाले. वडील म्हणाले की, एकदा घाटात मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न त्यांस ऐकूच आला नव्हता.

जीप घेण्यापूर्वी त्यांनी पंधरा गाळप हंगाम उसाच्या ट्रॅक्टरवर काढिले होते. ज्यांनी आपल्या जिल्ह्यात राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव ह्या भागांत हिवाळ्याच्या रात्री प्रवास केला आहे, त्यांस दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर व त्यावरील गाण्यांचा गदारोळ ठाऊक आहे. जागरणात झोप येऊ नये म्हणून चालक गाणी लावितात. त्यांस नावे ठेवणे सोपे आहे, त्यांच्या आसनावर रात्र काढणे सोपे नाही. बिनटपाच्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. त्यावर गाणे ऐकू यावयाचे तर ते त्याहून मोठे हवे. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेने घातलेली मर्यादा अशी आहे की, ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ चार तास, ९१ दोन तास, ९४ एकच तास, १०० तर केवळ पंधरा मिनिटे. एका रात्रीत किती तास होतात, ते वाचकांनीच मोजावे.

आपल्या अंतर्कर्णात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी असतात. त्या जन्मतःच मिळतात. माराने मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही, आणि गोंगाटाच्या मारात प्रथम जातात त्या बहुधा तीन ते सहा हजार कंपने ऐकणाऱ्या पेशी. वेदना होत नाही, रक्त येत नाही. फक्त माणूस बटण थोडे पुढे फिरवितो, आणि पुढल्या वर्षी आणखी थोडे.

ह्या बाबतीत कायदाही आहे, तो विद्यार्थ्यांस माहीत असावा. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये ह्यांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र मानून तेथे ५० व ४०. रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत. वरातीच्या गाडीवर भिंतीएवढे स्पीकर रचणाऱ्या आमच्या काही माजी विद्यार्थ्यांस हे आकडे आम्हीच शिकविले होते, हे येथे नमूद करून ठेवितो.

मुलाच्या वडिलांचे कान पुढे रुग्णालयात रीतसर तपासले गेले. आलेख आमच्या हात वर करण्याच्या प्रयोगाशी जुळला: दोन हजारापर्यंत रेषा बरी, चार हजारावर एकदम खड्डा, डावा कान उजव्याहून वाईट. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचविले. दुकानदाराचा कागद मुलाने आम्हांस परत दाखविला. त्याच्या पाठीमागे त्याने पेन्सिलीने हिशेब मांडला होता. स्पीकर अडीच हजार, चिकट पत्री नऊशे, जुनी तार काढून टाकण्याची मजुरी दीडशे. उरलेल्या पैशांत आणखी थोडी भर घालून डाव्या कानाचे यंत्र आले.

जीपमधील डेक जुनाच आहे. पूर्वी त्याचा आकडा तिसावर असे, आता बारावर असतो. त्यावर आकाशवाणीचे नगर केंद्र लागते व बातम्या मागील आसनावर स्वच्छ ऐकू येतात, हे आम्ही स्वतः पाथर्डीपर्यंत जाऊन पाहिले. घाटात वडील गाणे बंद करितात. उजव्या कानाचे यंत्र दिवाळीनंतर घेऊ, असे ते म्हणतात.